चोरनंबर

एस.टी.त चढायच्या आधी सर दोघांना विचारायचे. आधी कंडक्टरला, "ही घोडेगावला जाते का?" मग पुढे चालत जाऊन ड्रायव्हरला, तोच प्रश्न, तसाच्या तसा. काचेवर घोडेगावची पाटी हातभर अक्षरांत लावलेली असायची. कंडक्टर वैतागायचा. "ओ पावणं, मी काय खोटं बोलतोय व्हय?" सर शांतपणे म्हणायचे, "खोटं नाही हो. पण तुमची चूक होऊ शकते. पाटीचीही होऊ शकते." दोघांची उत्तरं जुळली की मगच त्यांचं पाऊल पायरीवर पडायचं. तोपर्यंत मागं रांग लागलेली असायची, आणि रांगेत ओळखीची निम्मी माणसं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. एका जुन्या वर्गमित्रानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्या एकाला फोन करून खात्री करून घेतली. फोन ठेवल्यावर आपण काय केलं ते लक्षात आलं, आणि रडता रडता हसू फुटलं.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. एकटा जीव, लग्न नाही. जुन्नरात एका खोलीत राहायचे. खोलीला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे आणि मग शेजारच्याला हाक मारायचे, "जरा तुम्ही ओढून बघता का?" दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर त्यांचा स्वतःचा होता. गवळी त्यांच्या दारात दूध ओतताना असा उभा राहायचा, जसा काही कोर्टात उभा आहे. वर सरांचं वचन ठरलेलं, "विश्वास देवळात ठेवावा, बाटलीवर नंबर टाकावा."

मी एकदा म्हटलं, "आमच्याकडं देऊळ नाही, सर."

"मग तर नंबरच टाका," म्हणाले, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्यात टोमणा नव्हता हे कळायला मला वर्ष लागलं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. माझं बी.एस्सी. झालं होतं, आणि सरांना तीन वर्षांचा एक प्रकल्प मिळाला होता, त्यात मदतनीसाची एक जागा होती. ती जागा मला मिळाली. काम वटवाघळांचं. लहान वटवाघळांना आमच्याकडं पाकोळ्या म्हणतात. दिवसा लेण्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत छताला लटकून झोपलेल्या असतात. डिंगोऱ्याच्या वर डोंगरात एक लहानसं लेणं आहे, तिथल्या पाकोळ्या आणि तिकडं आंबेगाव तालुक्यात धरणाच्या वरच्या कपारीतल्या पाकोळ्या दिसायला हुबेहूब एक. मग त्या खरंच एका कुळातल्या, की नुसत्याच सारख्या दिसणाऱ्या? सरांना हे शोधायचं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "डोळा हा पहिला खोटा साक्षीदार," म्हणायचे.

म्हणून पाकोळी हलक्या हातानं धरायची, तिच्या पंखाच्या पातळ पडद्यातून मोहरीहून जरा मोठा तुकडा काढायचा, स्पिरिटच्या इवल्याशा बाटलीत टाकायचा आणि पाकोळी सोडून द्यायची. पडद्याचं भोक महिन्याभरात भरून येतं, फक्त जागेवर पांढरा डाग राहतो. बाटल्या पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथून चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी छापून यायच्या. ओळींतल्या ठरावीक खुणा जुळल्या तर कूळ एक, जितक्या खुणा वेगळ्या तितकं नातं लांबचं. सरांनी निवडलेला भाग तर असा होता, की तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. "मी पाकोळ्यांचं आजोळ शोधतोय," असं ते कुणालाही सांगायचे.

पाकोळ्यांशी मात्र फार अदबीनं वागायचे. जाळीतून काढताना, "या बाईसाहेब, एक मिनिट, झालंच हं." माणसांच्या वाट्याला असली अदब कधी आली नाही.

हे आजोळ आमच्या घरी चांगलंच अंगाशी आलं. सर एका रविवारी घरी आले होते, मुलगी डोंगरात न्यायची तर वडिलांना विचारावं म्हणून. दादा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त मेकॅनिक. आम्ही बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून. चहा झाला, कामाचं बोलणं झालं, आणि सरांनी एकाएकी आईला विचारलं, "तुमच्या आईच्या आईच्या आईचं गाव कोणतं?"

आई गडबडली. "माझं म्हायेर कळंब. आईचं पारगाव. आन तिच्या आईचं..." तिथं ती थांबली. सरांनी खिशातून वही काढली.

दादांनी कप खाली ठेवला. "कशाला पायजे?"

"मी सगळ्यांनाच विचारतो. बापाकडच्या सात पिढ्या सांगतात लोक. आईकडं तिसऱ्या पायरीला सगळेच अडखळतात."

"अडखळत असतील," दादा म्हणाले. "पन आमाला कुनी मूळगाव, आजोळ विचाराय लागलं, की त्याच्या मनात काय हाय ते आदी बघावं लागतं. तुमी वही ठेवा खिशात."

सरांनी वही ठेवली. ते गेल्यावर दादा म्हणाले, "ह्यो मानूस जात काढतोय. पाकुळ्या नुसतं निमित हाय. वर लेनी आमची, आन ह्यो त्यात शिरून काय कापतोय ते देव जाने." आमच्यात देव नाही, पण दादा चिडले की देव यायचा. खोटं कशाला बोलू, संशय माझ्याही मनात होता. पण नोकरी होती, आणि पुढं एम.एस्सी. करायचं तर सरांचं पत्र लागणार होतं. मी गेले.

त्यात नेलपॉलिशचं लचांड. जुन्नरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात सर स्वतः गेले आणि नेलपॉलिशच्या दोन बाटल्या मागितल्या, एक गुलाबी, एक मरून. पाण्यानं जातं का, घासून जातं का, असं अर्धा तास विचारलं. दुकानदारीण म्हणाली, न्हाई जात. यांचा विश्वास बसतो थोडाच! तिथंच एका अंगठ्याला गुलाबी लावलं, दुसऱ्याला मरून, आणि आठवडाभर तसेच कॉलेजात हिंडले. दुकानदारीण आईच्या ओळखीची. तिनं आईला गाठून विचारलं, "लगीन न्हाई, पोरगी न्हाई, मंग ह्या मास्तराला नेलपॉलिश कुनासाठी गं?" आणि आईकडं असं बघितलं, की आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

खरं कारण साधं होतं. तुकडा घेतलेली पाकोळी पुन्हा धरली जाऊ नये म्हणून तिच्या पायाच्या नखाला रंगाचा ठिपका लावायचा. हे मी आईला समजावलं. पण समजावता समजावता माझ्याच मनात आलं, त्याला एक रंग पुरे. दोन कशाला?

"एक संपला तर असावा म्हणून," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. या माणसाला खोटं बोलायची सवयच नव्हती. मरून रंग मनात अडकून राहिला.

लेण्यात आमचं काम ठरलेलं होतं. बाटल्यांतल्या चिठ्ठ्या सर पेन्सिलीनं लिहायचे, कारण स्पिरिटमध्ये शाई उतरते. पाकोळीच्या हाताचं हाड ते तीनदा मोजायचे, मी तीनदा मोजायचे, आणि एकमेकांचा आकडा बघायचा नाही. धरलेल्या पाकोळ्या लहान कापडी पिशव्यांत घालून भिंतीच्या खुंट्यांना टांगायच्या. मग मी वही घेऊन उजेडाला दाराशी बसायचे. काही तुकडे सर आतच घ्यायचे आणि बाटल्या माझ्याकडं द्यायचे. पुढचं सगळं, स्पिरिट बदलणं, खोकी भरणं, कुलूप लावणं, माझ्याकडं.

पहिल्या खेपेला निम्म्याच बाटल्या पुण्याला पाठवल्या. दीड महिन्यानं निकाल आला. त्या गुरुवारी दुपारी सरांनी मला बोलावलं. टेबलावर एक बंद पाकीट होतं, आणि त्याच्या शेजारी त्यांची एक वही, मी आजवर न पाहिलेली.

"बसा," म्हणाले. "काही पाकोळ्यांच्या दोन्ही पंखांतून मी एकेक तुकडा घेतलाय. एक खऱ्या नंबरानं, दुसरा भलत्याच नंबरानं. दोन्ही तंतोतंत जुळायला पाहिजेत. हे माझे चोरनंबर. त्या पाकोळ्यांना मरून ठिपका."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमची परीक्षा कशी झाली असती?"

सरांनी ती वही उघडली.

"डिंगोऱ्याच्या लेण्यात अशी एकच पाकोळी आहे. तिचे नंबर एक्केचाळीस आणि सदुसष्ट. एक्केचाळीस आला डिंगोऱ्याच्या कुळाचा. सदुसष्ट आला आंबेगावच्या कुळाचा." सरांनी चष्मा काढून पुसला. "पाकोळीला दोन आया नसतात."

"मग?"

"मग आंबेगावच्या खोक्यातला तुकडा डिंगोऱ्याच्या बाटलीत गेला. चुकून गेला, की डोंगर चढायचा कंटाळा आला म्हणून घरी बसून घातला, ते तुम्हाला माहीत. खोकी तुमच्या हातात होती. हे पत्र सोमवारी टपालात पडेल. मदतनीस बदलून मागितलाय."

तळपायाची आग मस्तकाला गेली. उन्हातान्हात त्या डोंगरावर पाय झिजवले, वाघळांच्या लेंड्यांच्या वासानं जेवण जाईना, आणि हा माणूस म्हणतोय घरी बसून! बाहेर आले तर डिपार्टमेंटमधले एक दुसरे सर व्हरांड्यात उभे. त्यांना कसं कोण जाणे, सगळं कळलेलं. हळूच म्हणाले, "जागा भरायची म्हणून माणसं भरली की असंच व्हायचं." मला म्हणाले नाहीत हं, भिंतीला म्हणाले.

घरी सांगितलं. दादा बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तू केलंयस का असं?"

"नाही, दादा."

"नक्की?"

दादांनीही दोनदा विचारलं. सरांच्या पाकिटापेक्षा मला ते जास्त लागलं. शुक्रवारचा सबंध दिवस मी एकच करत होते, मनातल्या मनात ती खोकी उघडत होते, बाटल्या काढत होते, परत ठेवत होते. शेवटी शेवटी तर मलाच माझा संशय यायला लागला. झाकणं उघडी असताना कधी उठले असेन का? दोन खोकी एकदम काढली असतील का? छे! कधीच नाही. पण "नक्की?" असा आवाज डोक्यात यायचाच, आणि तो दादांचा असायचा.

शनिवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणायची वाट न बघता बसले.

"तुम्ही तो दुसरा तुकडा घेतला, तेव्हा मी कुठं होते, सर?"

"दाराशी. वही लिहीत."

"आणि तुम्ही?"

"आत. तुमच्याकडं पाठ करून."

"आत खुंटीवर पिशव्या किती होत्या?"

सरांनी वही बघितली. "दोन. बेचाळीस नंबरची पाकोळी शेजारी होती. तिचीही बाटली झाली होती, पण ती अजून पाठवलेली नाही."

"टॉर्च चालू होता?"

"बंद केला होता."

"का?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

"मग तुम्हाला तरी काय दिसलं असेल, सर?"

आता तोंड सुटलंच होतं, तर मी सगळंच बोलून घेतलं. "कंडक्टर चुकतो, पाटी चुकते, गवळी चुकतो, मी चुकते. तुमच्या वहीत सगळ्यांवर संशय आहे. एकाच माणसाचं नाव नाही त्यात."

एवढं बोलून झालं. म्हटलं, संपलं. आता सोमवारची वाटही बघायचे नाहीत. सरांचे कान लाल झाले होते. वही मिटून म्हणाले, "उद्या सकाळी सातची डिंगोऱ्याची गाडी. पण आपण दोघं पुरे नाही. मला तुमच्यावर संशय आहे, तुम्हाला माझ्यावर. तिसरा माणूस पाहिजे, आणि त्याला यातलं काही ठाऊक नको."

"दादा येतील. पण ते माझेच वडील."

"येऊ देत. काय निघालं तर तुम्ही सुटता, हे त्यांना सांगितलं नाहीत म्हणजे झालं." आणि मग जरा थांबून म्हणाले, "नाही सांगणार ना?"

"नाही सांगणार."

नाही सांगितलं. दादा स्वतःहूनच निघाले होते. "साक्षीला कोन हाय तुझ्या बाजूनं? मी येतो," म्हणाले, आणि गाडीतली झिरपणारी तेलाची नळी शोधायचा आपला टॉर्च घेतला. सकाळी स्टँडवर सरांनी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला. ड्रायव्हर दादांच्या ओळखीचा. त्यानं दादांकडं बघून डोळे मोठे केले. दादा हसले नाहीत.

लेण्यात आम्ही जाळीनं पाकोळ्या धरायला लागलो. नखाला रंग नसेल तर लगेच सोडायची. तासाभरानं मरून ठिपक्याची सापडली. सरांनी ती अलगद हातात धरली आणि दादांना म्हणाले, "काय बघायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही दोन्ही पंख बघा, आणि दिसेल ते बोला. मुलगी लिहून घेईल."

दादांनी टॉर्च पंखाच्या मागं धरला. चिरलेली नळी बघायची त्यांची ती रीतच. पडद्यातून उजेड आरपार आला, बारीक शिरा दिसायला लागल्या.

"उजव्या पंखाला एक पांढरा डाग. वाटुळा," दादा म्हणाले. "डाव्याला काय न्हाई."

"नीट बघा."

"काय न्हाई म्हंतोय ना. साफ हाय."

मी लिहिलं, डावा साफ. दोन्ही पंखांतून तुकडे घेतलेली पाकोळी, आणि डाग एकच! सरांनी ती वर सोडली, "माफ करा बाईसाहेब," असं काहीतरी पुटपुटले. मग आम्ही गुलाबी ठिपक्याच्या शोधायला लागलो. त्या पुष्कळ होत्या. एकीला एक डाग, दुसरीला एक, तिसरीला एक. ऊन पार डोक्यावर आलं. दादांची मान आखडली, पण ते थांबेनात. आणि मग ते म्हणाले,

"ही बगा. नख गुलाबी, आन डाग दोन. उजव्याला एक, डाव्याला एक."

सरांनी स्वतः बघितलं. मला बघायला लावलं. पुन्हा दादांना बघायला लावलं. मग लेण्याच्या ओट्यावर मटकन बसले.

"दुसरा तुकडा मी शेजारच्या पिशवीत हात घालून घेतला," म्हणाले. "अंधारात. तुमच्या मुलीपासून लपवायच्या नादात."

दादांना आता सगळं सांगावं लागलं. एका छताखाली, एकमेकींना चिकटून झोपणाऱ्या, मापानं केसभरही फरक नसलेल्या दोन पाकोळ्या, आणि आयांची कुळं इतकी लांबची. सरांना जे तीन वर्षांत सापडायचं ते त्यांच्या चुकीनं एका सकाळी सापडलं होतं. त्यांनी अर्थात त्यावर विश्वास ठेवला नाहीच. उरलेल्या सगळ्या बाटल्या पाठवल्या, त्यात बेचाळीस नंबर सदुसष्टाशी तंतोतंत जुळला, आंबेगावच्या कुळाच्या आणखी काही निघाल्या, तरी नवीन तुकडे घेऊन पुन्हा पाठवले, आणि मगच छापलं. पण ते पुढं. त्या दिवशी दादांनी ओट्यावर बसून एकच विचारलं.

"म्हंजी ह्या तुमच्या ओळीत बापाचं आडनाव येतच न्हाई?"

"नाही."

"आन जात?"

"पाकोळ्यांना?" सर गोंधळले. मग त्यांना तो रविवार आठवला असावा. "नाही हो. माणसांच्या ओळीतही नाही येत. तिथं नुसत्या आयाच असतात."

दादांनी मान हलवली. "हे त्या दिशीच सांगायचं व्हतं राव."

सरांनी पिशवीतून ती चोरवही काढली. सदुसष्ट नंबरापुढं, चूक कुणाची त्या रकान्यात, माझं नाव लिहिलेलं होतं, ते खोडून स्वतःचं लिहिलं, सबंध, आडनावासकट. खाली दादांची सही घेतली. पाकीटही काढलं, फाडलं नाही, त्यावर "रद्द" लिहून वहीत ठेवलं. सर कागद फाडायचे नाहीत. मग खिशातून मरून नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"यापुढं चोरनंबर तुम्ही टाकायचे. माझ्या बाटल्यांमध्ये. कधी, कुठले, मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही."

आणि उतरायला लागले, एकदाही मागं न बघता.

परतीच्या गाडीत सर पुढं ड्रायव्हरच्या मागं बसले होते. आम्ही मागं. पाच-सहा मैल गेले. मग दादा हळूच म्हणाले, "मापी मागितली का गं त्यानं?"

"नाही."

"मग ही काय दिली?"

मी सांगितलं. आता सरांच्या कामावर नजर मी ठेवायची. ते चुकले तर मी धरायचं.

"म्हंजी त्याच्यावर संशय घ्यायचा तू?"

"हो."

"त्यानंच सांगितलं असं?"

"त्यांनीच."

"आपल्यावर संशय घेनारं लई बघितलं," दादा म्हणाले. खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातून ती बाटली घेतली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"तुझ्या पिशवीत फुटंल," म्हणाले.